जमातीचा रकाना

कार्यकर्ता : मॅडम, तुमच्या प्रबंधाचा फॉर्म मी शेवटपर्यंत वाचला. नाव, वय, गाव आणि चौथ्याच ओळीला जमात. गोंड, हलबी, कवर, इतर. मी तिथंच अडलो. सिकलसेलसाठी रक्त तपासायला माणसाची जमात कशाला लागते? या चिचगड भागात रक्त घ्यायला आलेल्या तुम्ही पहिल्या नाहीत. आश्रमशाळेतल्या पोरांना ओळीनं उभं करून बोटं टोचताना मी पाहिलंय. त्यांतल्या काही पोरांची लग्नं झाली, त्यांना लेकरं झाली, रिपोर्ट अजून आलेले नाहीत. त्या नमुन्यांवर कुणीतरी काहीतरी लिहिलं असेल, कुणाला पदवी मिळाली असेल. आमच्या वाट्याला आलं ते एकच वाक्य, 'हा गोंडांचा आजार आहे.' ते मात्र गावात घट्ट बसलं. तुमच्या प्रबंधाचा विषयच संमती, जमात आणि आरोग्यातली समता असा आहे, म्हणून तुम्हाला मोकळेपणानं विचारतो. तो रकाना काढून टाकला तर तुमचं काय अडेल?

संशोधक : भाऊ, माझं थोडं अडेल, तुमचं जास्त अडेल. आदिवासींच्या आरोग्याचा देशपातळीवर विचार करण्यासाठी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली होती. 2018 मध्ये तिचा अहवाल आला. देशात दहा कोटींहून जास्त आदिवासी आहेत, आणि त्यांच्या आरोग्याची वेगळी, धड आकडेवारीच नाही हे त्या समितीला ठळकपणे मांडावं लागलं. आकडा नसला की तक्रारही करता येत नाही. हायड्रॉक्सियुरियाचंच बघा. सिकलसेलच्या रुग्णाला ही गोळी नियमित मिळाली तर अंगदुखीचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. देवरीत राहणाऱ्या रुग्णाला ती महिन्याच्या महिन्याला मिळते का, आणि ककोडीकडच्या पाड्यावरच्या रुग्णाला मिळते का, हे मला बघायचंय. तो रकाना काढला की सगळे नुसते 'रुग्ण' होतात. ज्याला गोळी मिळाली आणि ज्याला मिळाली नाही त्यांची एकत्र सरासरी निघते आणि जिल्ह्याचा आकडा बरा दिसायला लागतो.

दुसरं असं की 'गोंडांचा आजार' हे वाक्य चुकीचं आहे हेसुद्धा त्या रकान्यामुळेच सिद्ध होतं. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं, तेव्हापासून विदर्भ या आजाराच्या नकाशावर आहे. गोंड, प्रधान, माडिया यांच्यात तो आहे तसा बौद्ध समाजात आहे, तेली-कुणब्यांतही सापडतो. तरी 1 जुलै 2023 रोजी शहडोलला जे राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ज्यात 2047 पर्यंत आजार संपवायचं आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे, ते आदिवासी भाग डोळ्यांपुढे ठेवूनच आखलं गेलं. मग सडक अर्जुनीतल्या बौद्ध वस्तीतली मुलगी त्यात बसते की नाही, हे कोण दाखवणार?

कार्यकर्ता : तुम्ही बोलता ते खरं आहे, पण ते माझ्या बाजूनंही तेवढंच बोलतं. जमातीचा शिक्का मारला म्हणून अभियान आलं आणि त्याच शिक्क्यामुळे बाकीचे बाहेर राहिले. एकदा आजाराला जात चिकटली की सरकारला सोपं जातं, डॉक्टरला सोपं जातं, आणि निस्तरावं लागतं ते ज्याच्या नावावर शिक्का आहे त्याला. अमेरिकेचं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. 1972 मध्ये तिथं सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला, काही राज्यांनी काळ्या लोकांची तपासणी सक्तीची केली. जे नुसते वाहक होते, ज्यांना आजार नव्हताच, त्यांना विमा आणि नोकऱ्या नाकारल्या गेल्या. हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना 1981 पर्यंत बंद होतं. आणि त्याच 1972 मध्ये टस्कीगीचं प्रकरण बाहेर आलं. सिफिलिस झालेल्या सुमारे चारशे काळ्या माणसांना चाळीस वर्षं नुसतं बघत ठेवलं होतं. पेनिसिलिन आलं तरी त्यांना दिलं नाही. तेही संशोधनच होतं, तिथंही रकाने होतेच.

आणि इतकं लांब कशाला जायचं? तुमची टेस्ट ट्यूब घ्या. शिबिरात रक्ताचा थेंब त्या द्रावणात पडतो, पाच-दहा मिनिटं थांबतात, मग नळीमागं रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या, की पॉझिटिव्ह. ती नळी आशाताईच्या हातात, आजूबाजूला अर्धं गाव. ती मुलगी वाहक आहे की रुग्ण, हे त्या नळीला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते, म्हणजे नमुना वर जातो. वरून उत्तर यायला लागतील तेवढे दिवस ती मुलगी गावात 'सिकलसेलवाली' असते. ठरलेलं लग्न त्या मधल्या दिवसांतच मोडतं. पुढं रिपोर्ट आला, मुलगी नुसती वाहक निघाली, तरी मोडलेली सोयरीक परत जुळत नाही. मुलाकडचा कुणी तपासायला आलाय असं मी फारसं पाहिलेलं नाही. तपासणी मुलीची, समुपदेशन मुलीला आणि शेवटी दोषही मुलीचाच.

संशोधक : ते मधले दिवस मोजायचे हाच माझ्या प्रबंधाचा गाभा आहे. नळी गढूळ झाली त्या दिवसापासून पक्का रिपोर्ट माणसाच्या हातात पडेपर्यंत किती दिवस गेले, तो कुणी दिला, एकांतात सांगितला की चारचौघांत. इथिक्स कमिटीपुढे संमतीपत्र ठेवलं की सगळे सहीपर्यंतचंच विचारतात. सहीनंतर त्या माणसाचं काय होतं हे आम्हाला कुणी शिकवत नाही.

पण कलंक रकान्यातून येतो, हे मला पटत नाही. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचं गाव आहे. सिकलसेल तिथंही आहे, कारण मलेरिया तिथंही होता. हा दोष मुळात मलेरियाच्या मुलखात टिकला. ज्याला आई-बाप दोघांपैकी एकाकडूनच तो मिळतो त्याला फाल्सिपेरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून आफ्रिकेत, अरबस्तानात, सिसिलीत आणि आपल्या जंगलपट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला. ऑर्कोमेनोसमध्ये सगळे गावकरी एकाच वंशाचे, एकाच धर्माचे. तपासण्या झाल्या, सल्ला दिला गेला, आणि वाहकांची लग्नं जमेनात म्हणून लोक आपला रिपोर्ट लपवायला लागले. तिथं जातही नव्हती आणि जमातही नव्हती, तरी कलंक आलाच. म्हणजे माहिती सांगण्याची रीत बिघडली की तो येतो. ती रीत बदलायची तर आधी ती मोजावी लागेल.

आणि नव्या संशोधकाला काही करता येत नाही असंही नाही. इरावती कर्वे बर्लिनला पीएचडीला गेल्या तेव्हा त्यांची पंचविशीही उलटली नव्हती. ऑयगेन फिशर हा त्यांचा गाईड, वंशशास्त्रातला मोठा माणूस, पुढं नाझींच्या धोरणांना ज्याचं शास्त्र उपयोगी पडलं तो. गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ असते आणि कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकात ते दिसतं, असा त्याचा कयास होता. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की वंशाचा आणि त्या फरकाचा काही संबंध नाही. गाईडला नको असलेला निष्कर्ष विद्यार्थिनीनं त्याच्याच संस्थेत, त्याच्याच पद्धतीनं मोजून मांडला. मोजमाप नाकारून फिशरचा कयास खोटा ठरला नसता.

कार्यकर्ता : इरावतीबाईंचं धाडस मी मानतो. पण मॅडम, त्या कवट्या कुणाच्या होत्या? त्यांतल्या कितीतरी वसाहतींमधून उचलून आणलेल्या होत्या, कुणाच्या तरी आजा-पणजाच्या. प्रबंध खरा निघाला म्हणून त्या कवट्यांच्या वारसांना काही परत मिळालं नाही. आणि डेक्कन कॉलेजात आल्यावर बाईंनीही महाराष्ट्रातल्या जातीजमातींची डोकी-नाकं मोजलीच. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. मोजायची सवय लागली की ती आपल्यापेक्षा दुबळ्याकडेच वळते, एवढंच म्हणतो. गोंदियातल्या वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या घरी जाऊन चौथ्या ओळीला जात विचारणारा प्रबंध मी पाहिलेला नाही.

आणि संमती म्हणाल तर एचपीव्ही लशीची आठवण करून देतो. 2009 मध्ये खम्मम आणि बडोदा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना लस दिली. खम्ममच्या आश्रमशाळांत आई-बापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या. सात मुली दगावल्या. ते मृत्यू लशीमुळे झाले नाहीत असं चौकशीत म्हटलं गेलं, आणि मी ती लस वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही. आमच्या पोरींना ती मिळायलाच हवी. पण आई-बापाला न विचारता मुलीच्या दंडाला सुई लागली, हे संसदेच्या समितीलाही 2013 मध्ये लिहावं लागलं. इथल्या आश्रमशाळेतही अधीक्षकाची सही तुम्हाला पाच मिनिटांत मिळेल. म्हणूनच मला तिची भीती वाटते.

संशोधक : आश्रमशाळा मी घेतलेलीच नाही, त्याच कारणासाठी. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. आदिवासींवर संशोधन करायचं तर ते त्यांच्या निदानाच्या, उपचाराच्या किंवा प्रतिबंधाच्या कामाचं हवं, त्याचा फायदा त्यांना मिळायला हवा, आणि वैयक्तिक संमतीबरोबरच प्रशासनाची परवानगीही हवी. तुम्ही म्हणाल, कागदावर सगळं असतं. पण हा कागदही आपोआप आलेला नाही. मुंबईत 1993 मध्ये काही डॉक्टरांनी वैद्यकीय नीतिशास्त्राचं नियतकालिक सुरू केलं, सेहतसारख्या संस्थेनं आरोग्यातल्या सामाजिक संशोधनासाठी नियम तयार करायला पुढाकार घेतला. अशा लोकांनी वर्षानुवर्षं प्रश्न लावून धरले.

संशोधन झालं नाही तर काय होतं, तेही सांगते. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं बरीच वर्षं पुस्तकात शिकवलं जायचं. इथल्या लोकांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून त्रास कमी, असा त्यामागचा तर्क. काही भागांत तो खराही आहे. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातली मुलं वर्षानुवर्षं बघितली तेव्हा कितीतरी मुलांना वारंवार भरती करावं लागत होतं. हायड्रॉक्सियुरियाच्या कमी मात्रेनंही त्या मुलांना फायदा होतो हे त्यांनी दाखवलं. हे काम झालं नसतं तर 'तुमच्या लोकांना हा आजार सोसतो' असं म्हणून तुमच्या पेशंटला पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं असतं. तोही वंशभेदच, फक्त त्यात सुई टोचलेली नसते.

कार्यकर्ता : हे मला माहीत नव्हतं, आणि हे मोलाचं आहे. 'सोसतो' हा शब्द मी दवाखान्यात स्वतःच्या कानांनी ऐकलाय. पण मग डॉ. बंगांचंच दुसरं सांगतो. गडचिरोलीत गेल्यावर सुरुवातीच्या काळात त्यांनी सिकलसेलचंच सर्वेक्षण केलं. आजार मोठ्या प्रमाणात सापडला, तरी लोक हलले नाहीत, कारण तो प्रश्न लोकांनी मांडलेला नव्हता. हे त्यांनीच सांगितलेलं आहे. पुढं बायकांचे आजार, बाळांचे मृत्यू, दारू हे लोकांनी सांगितलेले प्रश्न हाती घेतले आणि काम उभं राहिलं. तुमच्या चार पानांत गावाला विचारलेला प्रश्न कुठं आहे? इथल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, रात्री झटका आला तर गाडी मिळत नाही. चिचगडहून देवरी, देवरीहून गोंदिया असं पाठवत जातात. गोंदियाला 2016 पासून मेडिकल कॉलेज आहे, पण तिथं पोचेपर्यंत मजुरी बुडते, आणि सोबत गेलेल्या माणसाला राहायला जागा नसते. जमात चौथ्या ओळीला विचारता, आणि 'शेवटचा झटका आला तेव्हा दवाखान्यानं काय केलं' हा प्रश्न तिसऱ्या पानावर, तोही हो किंवा नाहीमध्ये. तुम्ही रुग्णाला मोजता मॅडम. दवाखान्याला मोजा.

संशोधक : हे तुम्ही बरोबर पकडलं. तो प्रश्न उलगडून विचारायला हवा आणि पुढं यायला हवा. पण दवाखान्याला मोजायचं म्हटलं तरी शेवटी विचारावं लागेल की दवाखान्यानं कुणाला रात्रभर बाकावर ठेवलं आणि कुणाला लगेच गाडी दिली. त्या 'कुणाला'चं उत्तर द्यायला रकाना लागतोच. त्यातून मला एवढं सुचतं की एकाच रकान्याची ही दोन वेगळी कामं आहेत. जमात बघून कुणाचं रक्त घ्यायचं हे ठरवलं, तर रकाना माणसाला आजार चिकटवतो. सगळ्यांचं रक्त तपासलं आणि नंतर कुणाला सेवा मिळाली हे बघताना जमात विचारली, तर तोच रकाना सरकारला प्रश्न विचारतो. म्हणून तपासणी सगळ्यांचीच हवी, बाजारातल्या व्यापाऱ्याचीही. वैद्यकीयदृष्ट्याही ते योग्य आहे. मधुमेहासाठी तीन महिन्यांच्या साखरेची जी तपासणी करतात, ती सिकलसेलच्या वाहकांत खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. साखर वाढलेली असते आणि रिपोर्ट बरा येतो. ज्याला आपण वाहक आहोत हे माहीतच नाही असा माणूस, कुठल्याही जातीचा असो, त्यात फसतो.

कार्यकर्ता : सगळ्यांना तपासायला तुमच्याकडे किट आहेत?

संशोधक : नाहीत. प्रबंधाला वेगळा पैसा मिळत नाही. सिनॉप्सिसला मंजुरी, मग इथिक्स कमिटी, मग कलेक्टर ऑफिस, यात पहिलं वर्ष जातं. अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध विद्यापीठाकडे जायला हवा. मधल्या काळात वॉर्डाची ड्युटी. गाईड म्हणतात, नमुना छोटा ठेव, विषय अरुंद कर, पास हो आणि मग क्रांती कर. ते माझ्या भल्याचंच सांगतात. पण छोटा नमुना म्हटला की मी जिथं आजार सापडण्याची खात्री आहे तिथंच जाणार. म्हणजे गोंडी पाड्यावर. मी आत्ता ज्याला चूक म्हटलं, तेच माझ्याकडून करून घेणारी ही व्यवस्था आहे.

कार्यकर्ता : मग निदान गावाला नकार देता आला पाहिजे. इथून कोरचीकडे निघालात की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथं आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा आहे, ग्रामसभेला त्याचं बळ आहे. आमचा गोंदिया जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही. तेच जंगल, तीच जमात, नातीगोती हद्दीच्या दोन्ही बाजूंना, आणि पेसा फक्त तिकडं. तुमच्या नियमात कलेक्टरची परवानगी आहे, ग्रामसभेची नाही. तुमचा निष्कर्ष छापण्याआधी गावात वाचा, आणि गाव 'छापू नका' म्हणालं तर छापू नका. एवढं लिहून द्याल?

संशोधक : वाचून दाखवेन, हे नक्की लिहून देते. गावाचं नाव छापणार नाही, हेही. पण छापायचं की नाही याचा अधिकार ग्रामसभेला देताना माझा हात थांबतो. ज्या मुलीचं लग्न मोडलं तिला वाटत असेल की हे बाहेर कळावं, आणि ज्यांनी मोडलं तेच ग्रामसभेत पुढं बसले असतील. त्यांनी बहुमतानं 'नको' म्हटलं तर मी कुणाचं ऐकू? दुसरं असं की मामाच्या पोरीशी लग्न लावायची रीत आहे, त्यात दोघंही वाहक निघण्याची शक्यता वाढते. हे छापलं तर जमातीवर बोट ठेवल्यासारखं होईल आणि लपवलं तर पुढच्या पोराला भोगावं लागेल.

कार्यकर्ता : त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ग्रामसभेत बाया बोलायला लागल्यात, पण अशा गोष्टीवर नाही. तरी गावाला नकाराचा हक्क नसावा, हे मी मान्य करणार नाही. अमेरिकेतल्या हवासुपाई लोकांनी मधुमेहासाठी म्हणून रक्त दिलं. विद्यापीठानं तेच रक्त वापरून त्यांच्यातला स्किझोफ्रेनिया शोधला, त्यांचे पूर्वज कुठून आले तेही शोधलं. कोर्टात जाऊन 2010 मध्ये त्यांना आपलं रक्त परत मिळालं. तुमच्या फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, 'उरलेला नमुना भविष्यातील संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.' ते भविष्य कुणाचं?

संशोधक : ती ओळ तयार नमुन्यातून आलेली आहे. मी ती काढून टाकते.

कार्यकर्ता : लगेच काढू नका. दिल्लीच्या प्रयोगशाळेनं सिकलसेलवर जनुक-दुरुस्तीचा उपचार तयार केलाय, त्याला 'बिरसा 101' नाव दिलंय, पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट त्यात आहे, हे मी वाचलंय. अमेरिकेत अशाच उपचाराची किंमत 22 लाख डॉलर. बिरसाचं नाव दिलेलं औषध चिचगडला पोचेल का, हे मला माहीत नाही. पण ते आमच्या रक्ताला लागू पडतं की नाही हे बघायला उद्या आमचंच रक्त लागणार. ते दार माझ्या शंकेपायी बंद व्हावं असं मला वाटत नाही. ओळ ठेवा, पण तिच्याखाली लिहा, की वापरण्याआधी पुन्हा येऊन विचारू. आणि कोण येणार ते नावानिशी लिहा.

संशोधक : नाव माझंच लिहावं लागेल. पण भाऊ, तीन वर्षांनी माझं पोस्टिंग कुठं असेल, नमुन्यांच्या फ्रीजची किल्ली कुणाकडे असेल, हे आज मला सांगता येत नाही. विद्यापीठ प्रबंध ठेवून घेतं, शब्द कुणाकडे ठेवायचा याची सोय नाही.

कार्यकर्ता : मग तेही फॉर्मवर लिहा. त्यानंतर कोण सही करतं ते बघू.